मुळासकट एकवीस किलो

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. विषय निघाला की मी चष्मा काढून पुसायला घेतो. घरात आता सगळ्यांना ठाऊक झालंय, मी चष्मा पुसायला लागलो म्हणजे कुणीतरी गांजाचं नाव काढलंय. बायको म्हणते, "पुसा, पुसा. एक दिवस काच झिजून बोट डोळ्यात जाईन."

आता बहात्तर उलटली आणि काच खरोखरच ओरखडली आहे. तेव्हा सांगूनच टाकतो. एक मात्र आधीच कबूल करतो. हे आठवताना मला हसू येतं. लाज वाटत असतानाही येतं. त्या दिवशी आम्ही सगळेच पोट धरून हसलो होतो, आणि माझा गुन्हा त्या हसण्यातच झाला.

बोरी अरबच्या बाजाराला जाणारी जी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात मी शाळामास्तर होतो. माझ्या घरामागे एक बैलवैद्य राहायचा. डिग्री वगैरे काही नाही, पण बैलाचं पोट फुगलं की चार गावांतून त्याला बोलावणं यायचं. तो यायचा, बैलाच्या पोटावर तबल्यासारख्या दोन थापा मारायचा, कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "डाव्या अंगानं वाजून राह्यला." मग गूळ, ओवा आणि गांजाची पानं वाटून लिंबाएवढा गोळा बैलाच्या जिभेमागे सरकवायचा. थोड्या वेळानं बैल असा ढेकर द्यायचा की गोठ्यातल्या कोंबड्या उडायच्या. त्यानंतर तो अर्धे डोळे मिटून उभा राहायचा. बैल हसतो, हे मी त्याच्याच गोठ्यात पाहिलं.

बैलवैद्य स्वतः बिडीसुद्धा ओढत नव्हता. त्याला व्यसन एकच, चहात चार चमचे साखर. औषधापुरती गांजाची नऊ झाडं त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तुरीच्या आडोशाला उभी असायची. सगळ्या गावाला ती माहीत होती. माझ्या गाईलाही त्यांचा गुण आलेला होता.

आमचे ठाणेदार त्या वर्षी नवे होते, समुद्राकडून बदलून आलेले. त्यांना कुणीतरी खबर दिली. आदल्याच दिवशी परतीचा पाऊस पडून गेला होता. सकाळी जीप शाळेपुढे थांबली आणि शिपाई म्हणाला, "गुरुजी, पंच म्हणून चला." मी तेव्हा पाचवीला वनस्पतीचे भाग शिकवत होतो, असं मी पुढे पुष्कळ लोकांना सांगितलं. ते खोटं आहे. मी हजेरी भरत होतो.

पंच म्हणून आमच्याकडे मास्तरलाच नेतात. सरकारी माणूस नंतर साक्ष फिरवत नाही, असा समज आहे. मोटारपंपाच्या चोरीला मी पंच होतो, मोहाच्या भट्टीला मी पंच होतो. पंच झालं की खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि गाव आपल्याकडे नवरदेवाकडे पाहावं तसं पाहतं. मला ते आवडायचं. शाळेला सुट्टी देऊन मी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलो.

अर्धं गाव मागून आलं. सगळ्यांत पुढे होता तो आमचा बैलवैद्यच, वाट दाखवत. "हळू या साहेब, तिथं गोम राह्यते." त्याची समजूत अशी की झाडं उपटतील, चार शिव्या घालतील आणि जातील. ठाणेदारांनी एका झाडाला हात घातला, तसा हा धावला. "तुमी कायले? वर्दीले चिखल लागन ना." आणि त्यानं नऊच्या नऊ झाडं स्वतःच्या हातानं उपटून दिली.

आमची काळी माती ओली झाली की सोडत नाही. प्रत्येक मुळाला गाठोड्याएवढं ढेकूळ आलं. ठाणेदारांच्या बुटांना माती चिकटत गेली, चिकटत गेली, आणि ते पावलागणिक उंच होत गेले. कुणीतरी म्हणालं, "साहेबाचं प्रमोशन होऊन राह्यलं!" मग एक बूट जमिनीतच राहिला आणि साहेब एका पायावर उभे राहिले. बैलवैद्यानं त्यांना खांदा दिला. लोक हसले, साहेबही हसले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते.

वजन करायला कापूस वेचणीचा ताणकाटा आणला आणि कडुलिंबाच्या फांदीला लटकवला. तेव्हा ठाणेदार पायावरची माती खरवडत शिपायाला म्हणाले, "वीस किलोच्या आत असेल तर जामिनावर सुटेल. वीसच्या वर गेलं तर मोठी केस, मग बसला आत."

मी ते ऐकलं होतं. कोणी विचारलं तर ऐकलं नाही असं मी आजवर सांगत आलो. मी ऐकलं होतं.

शिपायानं विळा घेतला आणि मुळं कापायला बसला. तेवढ्यात मला काय सुचलं कोण जाणे. सगळं गाव जमलेलं, सगळे खुशीत, आणि त्यांतले निम्मे माझ्या हाताखाली शिकून गेलेले. मी हात वर केला आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, "थांबा! मूळ हा वनस्पतीचा भाग आहे की नाही?"

"आहे!" गाव एका सुरात ओरडलं.

"खोड?"

"आहे!"

"पान?"

"आहे!"

"मग कापता कशाला?"

टाळ्या पडल्या. मिशा आलेले बाप्ये पाचवीतल्या पोरांसारखे टाळ्या पिटत होते. ठाणेदार म्हणाले, "मास्तर, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." शिपायानं विळा ठेवला. झाडं मुळासकट, ढेकळांसकट पोत्यात गेली, पोतं काट्याला लागलं आणि काटा एकवीसच्या पुढे जाऊन थांबला. कबड्डीत गडी आउट झाल्यावर होतो तसा कल्ला झाला. एक म्हातारा म्हणाला, "माह्या कापसाले असा काटा कधी नाई पडला रे बाप्पा!" आणि खुद्द बैलवैद्य हसत मला म्हणाला, "पाह्यलं गुरुजी? माह्या वावराची माती कशी वजनदार हाय!"

पंचनाम्यात शिपायानं सवयीनं लिहिलं, 'मुळांवरील माती झटकून वजन केले असता.' मी वाचलं आणि माझी गोल, वळणदार सही केली.

जीपमध्ये चढताना त्यानं मला विचारलं, "दुपारपर्यंत येतो ना मी? गाय दुहाची हाय."

"येसान ना भाऊ," मी म्हटलं, "कायले घोर करता."

तो बावीस महिन्यांनी आला.

त्याच्या बायकोनं वकिलासाठी बैलजोडी विकली. ज्यानं चार गावांचे बैल उभे केले, त्याच्या गोठ्यात बैलाचं शेणसुद्धा राहिलं नाही. राहिलेली गाय मात्र रोज माझी बायको दोहायची, तेवढाच त्याच्या बायकोला हातभार. सांगून टाकतो, मी एकदाही बादली धरायला गेलो नाही.

खटला उभा राहिला तेव्हा मला साक्षीला बोलावलं. आरोपीच्या वकिलानं मुद्देमाल पुन्हा तोलायची मागणी केली. सीलबंद पोतं आलं. झाडं वाळून कोळ झाली होती, ती वेगळी काढून तोलली. चार किलोच्या आसपास.

"गुरुजी, बाकीचे सतरा किलो कुठं गेले?"

"वाळलं असेल."

"मुळांना माती होती का?"

माझ्या सहीच्या वरच 'झटकून' लिहिलेलं होतं. पिंजऱ्यात उभा असलेला तो माझ्याकडे अगदी प्रेमानं पाहत होता, शेजारी कोर्टात बोलतोय याचं त्याला कौतुक वाटत असावं. मी म्हटलं, "नव्हती."

वकिलानं पोतं उलटं केलं. त्यातून आमच्या शिवाराची काळी माती धो धो पडली, टेबलावर, फायलींवर, वकिलाच्या बुटांवर. खाली एक गांडूळही वाळलेलं निघालं. कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी तोंडापुढे फाईल धरली. आणि मी, आत्ताच खोटी साक्ष दिलेला माणूस, भीतीनं खो खो हसलो.

तो निर्दोष सुटला. पायऱ्यांवर त्याच्या वकिलानं मला गाठून सांगितलं, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं पान धरत नाहीत, खोड धरत नाहीत, मुळाचं तर नावच नको. "तुमचा पाचवीचा धडा कायद्याला मान्य नाही, गुरुजी."

तो सुटला आणि चार दिवसांत पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या करतात आणि लोक झडत्या म्हणतात. चार ओळी जुळवायच्या, गावातल्या कुणाची तरी उडवायची आणि शेवटी हर हर महादेव. वर्षानुवर्षं याची जोडी तोरणाच्या मधोमध असायची. या वर्षी तो रिकाम्या हातानं तिथंच, आपल्या जागी उभा राहिला. मग हात वर करून म्हणाला,

"वावर माहं काळं, त्याची माती लय भारी,
नऊ झाडं उपटली तं जत्रा जमली सारी;
मुळं मोजली गुरुजीनं, ठाणेदारानं पानं,
बैल गेले बाजाराले, मले जेलचं खानं!"

हर हर महादेव! लोक लोळायचे बाकी राहिले. त्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले, गमतीनं. मीही टाळ्या वाजवल्या. म्हणजे त्याला सगळं कळलेलं होतं तर.

पोळा फुटून जोड्या घरोघर पांगल्यावर मी त्याच्या घरी गेलो, माफी मागायला. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. मी म्हटलं, "भाऊ, एक बोलायचं होतं." तो म्हणाला, "बोलसान मंग. पहिले जेलातली गंमत तं ऐका." जेलच्या शेतीवरचा एक बैल फुगला. डॉक्टर सुट्टीवर. कुणीतरी जेलरला सांगितलं, आपल्या बराकीत एक बैलवैद्य आहे. याला नेलं. यानं दोन थापा मारल्या, कान लावला. जेलर म्हणाले, "काय औषध लागेल ते बोल, आत्ता मागवतो." हा म्हणाला, "साहेब, मले ज्याच्यासाठी आत आणलं, तेच लागते."

मी इतका हसलो की चहा नाकातून आला. हसू ओसरल्यावर माफीचं काही जमेना. असं वाटलं की भरल्या ताटात खडा टाकतोय. उद्या बघू म्हणून घरी आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं त्याच जेलरची दुसरी गोष्ट सांगितली. तिसऱ्यांदा मी जिलेबी घेऊन गेलो. मग गावात ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, आणि जे उरले त्यांच्या मालकांनाही याला बोलावताना जरा धाकधूक वाटायची. तो आणि त्याची बायको मुलीकडे उमरखेडला राहायला गेले. बायको तिथंच वारली. मी तिच्या तेरवीलाही गेलो नाही, पाय दुखत होता असं कळवलं. पाय दुखत नव्हता.

गेल्या वर्षी मोबाइलवर एक मेसेज फिरला. सरकार गांजा खुला करणार, शेतकऱ्याला परवाना देणार, परदेशात कुठं कुठं दिला तसा. स्टँडवरच्या चहाच्या दुकानात आम्हा म्हाताऱ्यांची सभा भरते, तिथं त्या दिवशी जी धमाल झाली ती लग्नातही होत नाही.

"हमीभाव काय राहीन?"

"खरेदी केंद्र कुठं? रांगेत चार दिवस थांबा लागन."

"थांबू ना! त्या रांगेत कोणी भांडणार नाई, सगळे आपले मस्त झोपून राह्यतीन."

"पहिल्याच वर्षी बोंडअळी येईन पाहा."

"येऊ दे. गांजा खाल्लेली बोंडअळी कापसाकडं जाते कायले? पडून राह्यते तिथंच, गाणे म्हणत."

एक निवृत्त तलाठी म्हणाला की गुन्हे कमी होतील. काहून, तर जे चोरून विकतात ते उजेडात विकतील, पोलिसांना हप्ता नको, पोरं जेलात जाणार नाहीत, गरिबाच्या हातात पीक येईल. दुसरा म्हणाला, "आणि पोलिसायनं काय करा? त्यायचेही लेकरंबाळं हाय." त्यावर पुन्हा हशा.

मग चहावाली बाई बोलली. ती सहसा बोलत नाही. तिचा नवरा दारूनं गेलेला आहे. "दारू तं खुलीच हाय ना आपल्याकडं? दुकानावर परवाना टांगला हाय, फोटोवानी फ्रेम करून. गेली का माह्या घरची गरिबी? तिकडं वर्ध्यात बंदी हाय तं पोट्टे बाटल्या घेऊन पोलिसापुढं पळतात, इकडं खुली हाय तं नालीत पडतात. आता सांगा, पळणारा बरा का पडणारा?" तिनं कप उचलले आणि म्हणाली, "पळणाऱ्याले निदान घर सापडते. बसा, आणखी चहा टाकतो."

तिचं म्हणणं खोडून काढता येईल असं मला वाटत नाही, आणि तलाठ्याचंही नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी गरिबीचा किंवा गुन्ह्यांचा विचारच करत नव्हतो. मला नाचावंसं वाटत होतं. गांजा खुला झाला की तो गुन्हाच राहणार नाही, आणि गुन्हा राहिला नाही की माझी सहीही आपोआप पुसली जाईल! सरकारच माझ्या वतीनं माफी मागणार, मला तोंड उघडायची गरज नाही. इतका हलका मी पेन्शन सुरू झाली त्या दिवशीही नव्हतो झालो. पाव किलो पेढे घेतले, बायकोला म्हटलं उमरखेडला जातो, आणि दारव्हा, दिग्रस, पुसद करत बसमध्ये शिट्टी वाजवत गेलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, सोयरीक जमली काय?"

तो मुलीच्या अंगणात खाटेवर बसला होता. थकला होता, दात गेले होते, पण हसू तेच. मी पेढा त्याच्या तोंडात घातला आणि बातमी सांगितली. "भाऊ, गांजा खुला होऊन राह्यला! आता तुमच्यावर कोणाचं बोट नाई."

त्यानं पेढा हिरड्यांनी सावकाश चघळला. "बरं होईन बाप्पा. पण गुरुजी, परवाना कोणाले भेटन? जे जेलात गेलते त्यायले?" तो खुदखुदला. "नाई. ज्याले झाडही ओळखू येत नाई त्याले भेटन. तो कुंपण घालन, बोर्ड लावन, आन् मले बोलावन निंदणीले, मजुरीनं. मी म्हणीन, साहेब, जेलात खानं तं फुकट होतं!"

मी हसलो. त्यानंही हसत हसतच पुढचं वाक्य उच्चारलं. "अन् माह्यी केस गांजाची कुठं होती, गुरुजी? माह्यी केस मातीची होती. माती तं तवाही खुलीच होती."

त्याच्या आवाजात राग शोधला, तो नव्हता. बोलायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. "भाऊ..."

"आता काय म्हणता? बैलाच्या गोष्टी काढाले आले का पुन्हा?" असं म्हणून त्यानं उमरखेडच्या कुठल्याशा पुढाऱ्याच्या जर्सी गाईची गोष्ट सुरू केली. ती गोष्ट मी इथं लिहू शकत नाही, पण पुढाऱ्याची लुंगी फिटली होती एवढं सांगतो. मी डोळे पुसत असतानाच त्याची मुलगी आली. "काका, पुसदची गाडी लागली, निघा." निघताना त्यानं कागदाची एक पुडी माझ्या खिशात कोंबली. "गूळ अन् ओवा हाय. दरवेळी येता अन् घशाशी काहीतरी अडकून राह्यते तुमच्या. घ्या रोज. भेऊ नका, यात ते नाई."

मेसेज खोटा निघाला. आठ दिवसांनी दुसरा आला, पहिल्यावर विश्वास ठेवू नका म्हणून. सभेत सगळे हळहळले, मी सर्वांत जास्त. सरकार माझं काम करणार नव्हतं. आणि केलं असतं तरी काय, कायदा बदलून ढेकळं काट्यावरून खाली उतरत नाहीत.

तो आहे अजून. परवाच त्याच्या मुलीचा फोन होता, बाबा रोज हसवतात म्हणाली. त्याच्यासमोर बसून मला हे कधी जमणार नाही, हे मी ओळखून आहे. तो दोन शब्दांत मला हसवील आणि मी परतीच्या गाडीत बसेन. म्हणून कागदावर लिहितो. कागदावर त्याला मधे बोलता येत नाही. त्याची मुलगी त्याला वाचून दाखवील, एवढीच तिला विनंती, की तो हसायला लागला तरी तिनं थांबू नये.

भाऊ, मूळ झाडाचं असते, माती झाडाची नसते. हे मले पाचवीत शिकवता येत होतं, म्हणजे मले माहीत होतं. वीस किलोची गोष्ट ठाणेदारानं सांगतली ते म्या ऐकलं होतं. शिपाई मुळं कापत होता, त्याले म्या थांबवलं, काहून का लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते अन् मले आणखी टाळ्या पाह्यजे होत्या. कोर्टात 'माती नव्हती' म्हटलं ते खोटं होतं. तुमची जोडी माह्या पायी गेली. तुमचे बावीस महिने माह्या पायी गेले. वहिनीच्या तेरवीले मी आलो नाई, माहा पाय चांगला होता. एवढंच बोलायचं होतं भाऊ, इतके वर्ष. आता हसू नका. मले माफ करा.